गाडी घरची, बिल गावाचं

नमस्कार ताई,

मी सव्वादोन वर्षांपासून आमच्या गावची सरपंच आहे. गाव दोन हजारांच्या आतलं. पंचायत समितीत, जिल्हा परिषदेत मीटिंगला सारखं जावं लागतं. एसटी सकाळी एक, संध्याकाळी एक, तीही येईल तेव्हा खरी. म्हणून यजमानांच्या बोलेरोनं जाते. ग्रामसेवक म्हणाले, गाडीभाड्याचं बिल लावता येईल, फक्त यजमानांच्या नावानं नको. मग बिलं धाकट्या दिरांच्या नावानं निघाली. अकरा बिलं, प्रत्येकी 1,800 रुपये, एकूण 19,800. सह्या माझ्या.

विरोधी पॅनेलनं माहिती अधिकारात बिलांच्या झेरॉक्स काढल्या. त्यातल्या एका तारखेला मीटिंग आटोपून येताना आम्ही भाचीच्या साखरपुड्याला थांबलो होतो. तो फोटो, मागे बोलेरो दिसतेय असा, गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतोय. खाली लिहिलंय, 'साखरपुडा घरचा, डिझेल गावाचं.'

यजमान म्हणतात, अब्रुनुकसानीची नोटीस देऊ. पॅनेलप्रमुख म्हणतात, गप्प बसा, दिवाळीपर्यंत लोक विसरतील. ग्रामसेवक म्हणतात, बिलं मागच्या तारखेनं बदलून घेऊ. आणि एक गोष्ट अजून कुणालाच माहीत नाही. अकरांपैकी एका दिवशी मीटिंग ऐनवेळी रद्द झाली होती, आम्ही गेलोच नव्हतो, तरी बिल निघालं. मला ते झेरॉक्स बघतानाच आठवलं. 2 ऑक्टोबरला ग्रामसभा आहे. मी काय बोलू?

— एक सरपंच, मराठवाडा

सरपंचताई, नमस्कार.

आधी ग्रामसेवकांचा सल्ला निकाली काढू, कारण तो आज संध्याकाळीसुद्धा अमलात येऊ शकतो. एकाही बिलाला हात लावू देऊ नका. नवं बिल नको, खाडाखोड नको, राहून गेलेली पावती आता चिकटवणं नको. झेरॉक्स विरोधकांच्या हातात आहेत हे तुम्हीच लिहिलंय. मूळ कागद आणि झेरॉक्स यांत एका अक्षराचा फरक निघाला, की गाडीभाड्याचा वाद संपून बनावट दस्तऐवजाचा गुन्हा सुरू होतो. तेव्हा साक्षीला कोण उभं राहील? सल्ला देणारे ग्रामसेवकच, आणि ते म्हणतील, 'सरपंचबाईंनी सांगितलं.'

अशाच प्रकरणात ब्रिटनची अख्खी संसद 2009 साली उघडी पडली होती. तुमच्या 19,800 रुपयांसाठी लंडनपर्यंत कशाला जायचं असं वाटेल, पण तिथे प्रत्येक प्रकारचं उत्तर कुणीतरी देऊन पाहिलंय आणि कुठल्या उत्तराचं काय झालं तेही नोंदलेलं आहे.

लंडनबाहेरच्या खासदारांना दुसऱ्या घराच्या खर्चासाठी भत्ता होता, वर्षाला साधारण 24,000 पौंडांपर्यंत. पगारवाढ दिली की लोक चिडतात, म्हणून सरकारं ती टाळत आली आणि खासदारांनी मनात धरलं की उणीव भत्त्यातून भरून काढायची. बरीच वर्षं 250 पौंडांच्या आतल्या खर्चाला पावतीसुद्धा लागत नव्हती. (तुम्हालाही हे ओळखीचं वाटेल. सप्टेंबर 2024 मध्ये सरपंचांचं मानधन दुप्पट झालं, तरी दोन हजारांच्या आतल्या गावाला ते महिना 6,000 आहे. त्यात मीटिंगा, मोर्चे, मयत, लग्नं, सगळं आलं. त्याच वेळी ग्रामसेवकांचं पद 'ग्रामपंचायत अधिकारी' झालं. गावात अजून कुणी तसं म्हणत नाही, मीही म्हणत नाही.)

हेदर ब्रुक नावाच्या पत्रकार तिथल्या माहिती अधिकाराखाली वर्षानुवर्षं हा तपशील मागत होत्या. मे 2008 मध्ये हायकोर्टानं तो द्यायला सांगितला. संसदेनं वेळ काढला. शेवटी 8 मे 2009 पासून 'डेली टेलिग्राफ'नं फुटलेली बिलं रोज छापायला सुरुवात केली.

आता तुमच्या फोटोकडे येते. त्या बिलांमध्ये 'दुसरं घर' कोणतं हे सोयीनं बदलत हजारो पौंड उचललेले लोक होते. लोकांच्या लक्षात राहिलं काय? सर पीटर व्हिगर्स यांनी आपल्या तळ्यातल्या बदकांच्या घरासाठी लावलेलं 1,645 पौंडांचं बिल. तेव्हाच्या दरानं सव्वा लाख रुपये. गंमत म्हणजे ते बिल नामंजूर झालं होतं, त्याचा एक पैसाही त्यांना मिळाला नव्हता. तरी त्यांची कारकीर्द त्या बदकांनीच संपवली. डग्लस हॉग यांच्या वाड्याभोवतीच्या खंदकाच्या सफाईचं तसंच. माणसाला आकडा दिसत नाही, बदक दिसतं. तुमच्या गावाला 19,800 दिसत नाहीत, साखरपुड्यातली बोलेरो दिसते. म्हणून 'एवढ्याशा रकमेचं काय घेऊन बसलात' हे वाक्य तोंडातून जाऊ देऊ नका. रक्कम लहान आहे हे त्यांनाही कळतं.

मग तुरुंगात कोण गेलं? बदकवाले नाहीत, खंदकवालेही नाहीत. खोटा कागद केलेले गेले. डेव्हिड चेटर यांनी स्वतःच्याच फ्लॅटचं भाडं देतोय असा करार दाखवला होता. जानेवारी 2011 मध्ये त्यांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली. जिम डिव्हाइन यांनी न झालेल्या साफसफाईची आणि छपाईची बिलं लावली होती. त्यांना सोळा महिने. आपल्यावर फौजदारी खटला चालूच शकत नाही, हा संसदेचा विशेषाधिकार आहे, असंही त्यांनी सर्वोच्च न्यायालयात सांगून पाहिलं. न्यायालयानं ऐकलं नाही. ग्रामसेवकांच्या हातातलं कोरं बिलबुक तुम्हाला याच वाटेनं नेतंय.

यजमानांची नोटीस. त्यांचा राग मी समजू शकते, बायकोच्या नावानं ग्रुपवर टिंगल चालली की कुणाचंही डोकं फिरेल. पण जोनाथन एटकन यांची गोष्ट त्यांना जेवताना सांगा. 1993 मध्ये मंत्री असताना ते पॅरिसच्या रिट्झ हॉटेलात राहिले. बिल सौदी लोकांनी भरलं, असं 'गार्डियन'नं छापलं. एटकन म्हणाले, बिल माझ्या बायकोनं भरलं. 1995 मध्ये पत्रकार परिषद घेऊन, सत्याची तलवार हाती घेऊन लढेन असं जाहीर करत ते कोर्टात गेले. 1997 मध्ये खटला चालू असताना कागद आले. बायको त्या दिवसांत पॅरिसला नव्हतीच, स्वित्झर्लंडला होती. विमानाची नोंद होती आणि तिथे भाड्यानं घेतलेल्या गाडीची पण. खटला तिथेच कोसळला. 1999 मध्ये खोट्या साक्षीबद्दल एटकन तुरुंगात गेले. हॉटेलच्या बिलावरून सुरू झालेलं प्रकरण गाडीभाड्याच्या कागदावर संपलं. नोटीस दिलीत तर समोरचा वकील सगळ्यात आधी अकराही दिवसांचे हजेरीपट मागेल. आणि त्यातल्या एका दिवसाचा हजेरीपट असणारच नाही, हे तुम्हाला आज माहीत आहे.

पॅनेलप्रमुखांचं 'गप्प बसा' हे तिघांत सगळ्यात शहाणं वाटतं, म्हणून त्याची भीती जास्त. ब्रिटिश संसदेचे सभापती मायकेल मार्टिन यांना बिलांपेक्षा बिलं फुटली कशी याचीच काळजी जास्त वाटली. पोलिसांत तक्रार गेली. बोलू पाहणाऱ्या खासदारांना त्यांनी सभागृहात झापलं. पहिल्या बातमीनंतर दोन आठवडेही झाले नाहीत तोवर त्यांना राजीनामा जाहीर करावा लागला. सभापतीला असं घालवल्याचा आधीचा दाखला 1695 चा आहे! पुढे जूनमध्ये संसदेनं स्वतःहून बिलं प्रसिद्ध केली, तीही पानोपानी काळ्या पट्ट्या मारून. लोक बिलांवर चिडले होते त्याहून जास्त त्या पट्ट्यांवर चिडले. तुमच्या गावात काय होईल? दिवाळीपर्यंत फोटो विसरतील. मग पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतल्या कामांवर बोट जाईल, कारण ते पेमेंट ई-ग्रामस्वराज या सरकारी पोर्टलवर कुणालाही उघडून बघता येतं. तुम्ही बोलला नाहीत तर प्रत्येक व्हाउचरवर बोलेरोची सावली पडेल.

इथवर तुमच्या तीन सल्लागारांचं झालं. पण तुम्ही घाबरलात साखरपुड्याच्या फोटोला, आणि मला त्याची फारशी चिंता नाही. मीटिंगला गेलात, हजेरीपटावर सही आहे, येताना वाटेवर तासभर थांबलात. यात फार काही नाही. मला चिंता आहे ती दिरांच्या नावाची.

गाडी यजमानांची असताना बिल दिरांच्या नावानं का निघालं? कारण यजमानांच्या नावानं काढता येत नाही हे ग्रामसेवकांना माहीत होतं. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 14 प्रमाणे पंचायतीच्या कामात किंवा करारात सदस्याचा प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हितसंबंध असेल तर पद जाऊ शकतं आणि तो निर्णय जिल्हाधिकारी करतात. शिवाय गैरवर्तनाबद्दल सरपंचाला काढण्याचं कलम 39 आहेच. विरोधकांपैकी कुणाला हे सुचलं नसेल तर त्यांच्या वकिलाला सुचेल. आरटीओचं आरसीबुक आणि बिलावरचं नाव शेजारी शेजारी ठेवायला पाच मिनिटं लागतात.

इथे डेव्हिड लॉज यांचं उदाहरण तुमच्या अगदी जवळचं आहे. मे 2010 मध्ये ते ब्रिटनच्या अर्थखात्यात मंत्री झाले. एटकन यांनी खटला गुदरताना भूषवलेलं तेच पद, हा निव्वळ योगायोग. काही वर्षं ते आपल्या जोडीदाराच्या घरात राहून त्यालाच भाडं देत होते आणि ते भाडं संसदेकडून घेत होते. 2006 पासून जोडीदाराला किंवा नातलगाला असं भाडं द्यायला मनाई होती. त्यांचं म्हणणं असं होतं की, पैसा कमवायचा नव्हता, नातं लोकांपासून लपवायचं होतं. बातमी आली त्याच रात्री त्यांनी स्वतः चौकशी आयुक्तांकडे जातो आणि पैसे परत करतो असं जाहीर केलं. दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला. मंत्रिपद सतरा दिवस टिकलं. पैसे मिळवण्याचा त्यांचा हेतू नव्हता हे चौकशीत मान्य झालं, तरी नियम मोडला तो मोडलाच, म्हणून सात दिवसांचं निलंबन झालं. 2012 मध्ये ते पुन्हा मंत्री झाले.

तेव्हा वकिलाला भेटा, उद्याच. तालुक्यातला ओळखीचा नको, जिल्ह्याच्या ठिकाणचा, ग्रामपंचायतीच्या अपात्रतेची प्रकरणं चालवणारा बघा. त्याला अकराही बिलं दाखवा आणि रद्द झालेल्या मीटिंगचंही सांगा. मग ग्रामसभेच्या आधी गटविकास अधिकाऱ्यांना तुमच्या सहीचं पत्र द्या आणि आवक शिक्का मारलेली प्रत घ्या. पत्रात दोनच गोष्टी: गाडी घरची असून बिलं दिरांच्या नावानं निघाली, आणि अमुक तारखेचा प्रवास झालाच नव्हता. असं पत्र देणं, पैसे परत भरणं म्हणजे कबुली, असं उद्या कुणी म्हणेल. म्हणून पत्रातला शब्द न् शब्द आधी वकिलाच्या नजरेखालून जाऊ द्या. पण तो 'हे पत्रच देऊ नका' म्हणाला, तर दुसऱ्या वकिलालाही विचारून बघा.

ती कुणालाच माहीत नसलेली तारीख. तुम्हाला वाटतंय ती सांगायची की नाही हा तुमचा निर्णय आहे. मीटिंग रद्द झाल्याचं पत्र पंचायत समितीच्या जावक रजिस्टरला आहे, त्या दिवशी आसपासच्या सगळ्या सरपंचांच्या मोबाइलवर मेसेज आला होता, आणि त्यातला एक तरी विरोधी पॅनेलचा पाहुणा असणारच. ही गोष्ट बाहेर येईलच. तुमच्या तोंडून आली तर ते चुकीचं बिल ठरेल. त्यांच्या तोंडून आली तर चोरी.

किती पैसे भरायचे? 1,800 भरले तर तेवढंच मान्य केलं. 3,600 भरले तर साखरपुड्याचं बिलही खोटं होतं असं तुम्हीच म्हटल्यासारखं. मी म्हणेन, पूर्ण 19,800 भरा. दहा वेळा तुम्ही खरंच गेलात, डिझेल खरंच जळलं, त्यामुळे हे अन्यायाचं आहे हे मला कळतं. पण ज्या नावानं ते पैसे घरात आले ते नावच चुकीचं होतं. रोख ग्रामसेवकांच्या हातात देऊ नका. पंचायतीच्या खात्यात भरा, सामान्य पावती म्हणजे नमुना 7 घ्या आणि नमुना 5 च्या रोकडवहीत जमा दिसेपर्यंत उठू नका. पुढच्या प्रवासाचं देयक स्वतःच्या नावानं, नमुना 31 मध्ये, मीटिंगचं पत्र जोडून द्या. दर काय आणि मर्यादा काय हे पंचायत समितीकडून लेखी घ्या. 'सगळे असंच लावतात' हे कुठल्याच नमुन्यात बसत नाही.

आता ग्रामसभा. नियमाप्रमाणे ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा व्हायला हवी. बहुतेक गावांत ती रजिस्टरातच होते. तुम्ही ती या वेळी खरोखर घ्या आणि पहिल्यांदा तिथे सांगा. दुसऱ्या दिवशी ग्रामसभेला येणारा प्रत्येक पुरुष घरून तुमचंच वाक्य ऐकून आलेला असेल, ग्रुपवरचं नाही.

काय बोलायचं, तर साधारण असं: "अकरा बिलं निघाली, सह्या माझ्या आहेत. गाडी आमच्या घरची. बिल दिरांच्या नावानं निघालं, ते तसं निघायला नको होतं. मी वाचून सही करायला हवी होती. एका तारखेला मीटिंग रद्द झाली होती, आम्ही गेलो नव्हतो, ते बिलच चूक आहे. 19,800 रुपये मी भरलेत, ही पावती. बाकी दहा दिवसांचे हजेरीपट इथे ठेवलेत, बघून घ्या. मी गावाची माफी मागते." मग खाली बसा आणि प्रश्न येऊ द्या.

माफी घाईनं उरकू नका. मारिया मिलर या ब्रिटिश मंत्र्यांच्या बाबतीत आयुक्तांनी 45,000 पौंडांच्या वसुलीची शिफारस केली होती. खासदारांच्या समितीनं ती 5,800 वर आणली आणि चौकशीला नीट सहकार्य केलं नाही म्हणून माफी मागायला सांगितलं. एप्रिल 2014 मध्ये त्यांनी ती मागितली, बत्तीस सेकंदांत. आठवड्याच्या आत मंत्रिपद गेलं. पैशांतून सुटलेली बाई माफीत अडकली.

'जळतात माझ्यावर, बाई पुढे गेलेली बघवत नाही' असंही म्हणू नका. यात तथ्य असेल, बहुतेक आहेच. पण अँथनी स्टीन नावाच्या खासदारांनी 2009 मध्ये रेडिओवर हेच सांगितलं होतं, माझं घर फार मोठं आहे म्हणून लोकांना मत्सर वाटतो. नंतर त्यांना माफी मागावी लागली. गावानं बिलाबद्दल विचारलंय, उत्तरही बिलाबद्दलच द्या. त्याच बोलेरोतून तुम्ही रात्री-बेरात्री कुणा बाळंतिणीला, कुणा आजाऱ्याला दवाखान्यात नेलं असेलच, गावातली गाडी आणि सरपंचाची गाडी म्हटल्यावर. ते मात्र तुम्ही बोलू नका. दुसरं कुणी उठून सांगितलं तर बरंच. तुम्ही सांगितलंत तर तो उपकाराचा हिशेब होतो.

शेवटचं, आणि यावर घरी वाद होईल. यजमानांनी त्या दिवशी बोलायचं नाही. जॅकी स्मिथ ब्रिटनच्या गृहमंत्री असताना त्यांच्या बिलांत दोन अश्लील चित्रपटांचे पैसे लागून गेले. ते चित्रपट त्यांच्या यजमानांनी पाहिले होते, म्हणून यजमानांनी दारात उभं राहून माफी मागितली. तिथे ते ठीक होतं, चूक त्यांची होती. इथे सही तुमची आहे. मराठवाड्यात काय, सगळीकडेच, सरपंचबाईंच्या खुर्चीमागे उभं राहून यजमान उत्तरं देतात आणि बाई पदर सावरत बसून राहते. कुणी मुद्दाम 'दादा, तुम्हीच सांगा' म्हणेल, ते उठायच्या आत तुम्ही उठा.

आणि कुणी विचारलंच, "मग साखरपुड्याचं काय?" तर सांगा, "थांबलो होतो, तासभर. मीटिंग साडेअकराला होती, हजेरीपट तिथे ठेवलाय."